नंबर विसरलेलं कुलूप: वरवंटा उचलण्याआधी हे वाचा

लातुरात जून लागला की रिक्षावाले, खानावळवाले आणि पत्र्याच्या पेट्या विकणारे, तिघांचेही दिवस येतात. अकरावी-बारावीच्या आणि नीटच्या शिकवण्यांसाठी पोरी येतात, कोणी कंधारहून, कोणी केजहून, कोणी थेट हिंगोलीकडून. प्रत्येकीची एक पेटी आणि पेटीला नवंकोरं नंबरचं कुलूप. किल्ली हरवायची कटकट नको म्हणून वडिलांनी घेऊन दिलेलं. मी मुलींच्या एका खासगी वसतिगृहात रेक्टर आहे. नववं वर्ष चालू आहे, आणि इतक्या वर्षांत किल्ल्या हरवल्या त्याहून जास्त नंबर हरवले.

सुरुवात झाली ती नीटच्या दिवशी. मे महिन्यातला रविवार, पेपर दुपारी २ वाजता, केंद्राचं दार दीडला बंद. सकाळी साडेनऊला एक मुलगी रडत खाली आली. प्रवेशपत्र पेटीत आणि कुलूप उघडंना. आमच्या वॉचमन मामांनी स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. चौथ्या घावाला कोयंडा पत्र्यासकट उपटून आला. कुलूप मात्र जसंच्या तसं, कडी बंद. प्रवेशपत्र मिळालं, पेपरही झाला, पण पेटी कामातून गेली.

दुसऱ्या दिवशी ते कुलूप, खाली कोयंडा लोंबत असलेलं, पिशवीत घालून मी गंजगोलाईत गेले. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकाच्या तोंडाशी एक किल्लीवाले चाचा बसतात. त्यांनी कुलूप हातात घेतलं आणि समोरून जाणाऱ्या माणसांकडे बघत चाकं फिरवायला लागले. कुलपाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दोनेक मिनिटांत कडी वर. मी म्हटलं, मला शिकवा. त्यांनी कुलूप परत लावून माझ्या हातात दिलं. मी ते जीव खाऊन ओढलं. "ओढू नका बाई, नुसतं धरा," चाचा म्हणाले. पहिल्या दिवसाची शिकवणी एवढीच.

पुढची दोन-तीन वर्षं मला हा नादच लागला. संभाजीनगरला बहिणीकडे गेले की जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात जुनी, नंबर हरवलेली कुलपं शोधायची आणि घरी आणून उघडायची. माझ्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा अशा कुलपांनी भरलाय. त्यातून जे हाती लागलं ते इथं सांगते.

१. कुलूप कोणाचं, हे आधी

जगभर कुलपं उघडण्याचा छंद असलेले लोक आहेत. नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका इथं त्यांच्या रीतसर संघटना आहेत, स्पर्धा होतात. त्या सगळ्यांचे दोन नियम सारखे. कुलूप स्वतःचं असलं पाहिजे, नाहीतर मालकाची परवानगी पाहिजे. आणि जे कुलूप वापरात आहे, म्हणजे ज्याच्या भरवशावर दार किंवा पेटी बंद आहे, त्यावर सराव करायचा नाही. दुसरा नियम लोक हसण्यावारी नेतात, पण सराव करताना कुलूप बिघडलं तर पेटी कायमची बंद, हे लक्षात ठेवा.

वसतिगृहात, कार्यालयात किंवा दुकानात दुसऱ्या कोणाचं कुलूप उघडायची वेळ आली तर मी हे केल्याशिवाय हात लावत नाही:

- जिचं कुलूप आहे ती समोर हजर पाहिजे. "तिने सांगितलंय" चालत नाही.
- आत काय आहे ते उघडण्याआधी सांगायचं. वरचा कपडा कोणत्या रंगाचा, कोणती वही, डबा आहे का.
- ओळखपत्र किंवा आधार बघायचं, आणि घरी फोन लावून आई-वडिलांशी बोलायचं.
- आणखी एक माणूस साक्षीला.
- तारीख, वेळ, खोली नंबर आणि सही वहीत.

हे उगाच वाढवलेलं नाही. एकदा एक मुलगी म्हणाली कपाट माझंच आहे, मी उघडून दिलं. कपाट तिच्या खोलीतल्या दुसरीचं होतं, आणि आतल्या नोट्ससाठी दोघींचं भांडण चालू होतं. त्या दिवशी मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

कायद्याचंही एका ओळीत: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीच्या हेतूने कुलूप उघडून घरात शिरणं तिच्या लेखी घरफोडीच आहे. कुलूप फोडलं नाही, नुसता नंबर जुळवला, ही सबब चालत नाही.

२. काय काय लागतं

बहुतेक वेळा दोन हात आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो. तरी जवळ ठेवा: कागद-पेन्सिल (हे सगळ्यात महत्त्वाचं, नंबर तोंडी लक्षात राहत नाहीत), वाचायचा चष्मा किंवा भिंग, शिलाई मशीनचं तेल, जुना टूथब्रश. पातळ पोलादी पट्टी लागली तर गॅरेजवाल्याकडं फिलर गेज मिळतं. गाडीच्या टॅपेटची फट मोजायच्या पट्ट्यांचा तो जुडगा, त्यातली सगळ्यात पातळ पट्टी.

खोबरेल तेल घालू नका. प्रत्येक मुलीकडं बाटली असते, म्हणून पहिला हात तिकडंच जातो. थंडीत ते आत गोठतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडची काळी धूळ त्यात बसून चिकट लगदा होतो. मी एका कुलपातून तो लगदा टाचणीने खरवडून काढलाय.

३. जात ओळखा

दुकानदार सगळ्यालाच "नंबर लॉक" म्हणतो, पण उघडायची रीत जातीवर ठरते.

तीन चाकांचं छोटं कुलूप, बॅगेच्या चेनला लावायचं. चार चाकांचं जड कुलूप, पेटीला किंवा शटरला. वायरची किंवा साखळीची कुलपं, सायकलला, हेल्मेटला, नाहीतर रेल्वेत सीटखाली बॅग बांधायला. सुटकेसमध्येच बसवलेलं कुलूप. भिंतीवरच्या किल्लीपेटीवर असतं तसलं बटनांचं. आणि एक गोल डायलचं, जे आपल्याकडं फारसं दिसत नाही.

बटनांच्या साध्या कुलपात कोणती बटनं दाबली एवढंच मोजलं जातं, कोणतं आधी दाबलं याला अर्थ नसतो. दहा बटनांतली चार असतील तर सगळे मिळून २१० मेळ होतात. एका दुपारी बसून संपतील. चाकांच्या कुलपांचा विस्तार पुढे आहे, कारण आपल्याकडं नव्वद टक्के भानगड त्यांचीच असते.

४. नंबर खरंच विसरलाय का?

घाईने पुढची रीत वापरू नका. आधी एवढं बघा.

रेघ कोणती? कुलपाच्या अंगावर एक बारीक खूण किंवा बाण असतो, आकडे तिच्यासमोर लावायचे. खूण झिजलेली असली की लोक समोर दिसणारा आकडा धरतात आणि सगळी चाकं एका घराने चुकतात.

कुलूप उलटं तर धरलं नाही? आम्ही एकदा मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने नांदेडला चाललो होतो. जाऊबाईंनी रात्री सीटखाली बॅगेला वायरचं कुलूप लावलेलं. सकाळी परभणी गेली तरी उघडंना. १६८, १६८ करत त्या बोटं सोलून घेत होत्या. मी खाली वाकून पाहिलं तर कुलूप उलटं लटकत होतं, आणि इंग्रजी आकड्यांतलं १६८ उलटं धरलं की ८९१ दिसतं. म्हणजे त्या लावत होत्या १६८, कुलपाच्या हिशेबाने ते होतं ८९१. पूर्णा यायच्या आत बॅग मोकळी झाली, पण डब्यातल्या निम्म्या लोकांनी तोवर सल्ला देऊन झाला होता.

कंपनीचा नंबर बघितला का? नवं कुलूप बहुधा ००० किंवा ०००० वर येतं, आणि खूप जण "नंतर बदलू" म्हणून तसंच ठेवतात. याबाबतीत शास्त्रज्ञसुद्धा आपल्यासारखेच. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसला अणुबॉम्बचं काम चालू असताना रिचर्ड फाइनमन हा भौतिकशास्त्रज्ञ फावल्या वेळात सहकाऱ्यांची गोपनीय कागदांची कपाटं उघडून दाखवायचा. त्यातली कित्येक कारखान्यातून आलेल्या मूळ नंबरवरच होती.

शेवटी, जवळपासचे नंबर. नंबर बदलताना एखादं चाक चुकून एक घर पुढे-मागे सरकतं, आणि आपण समजतो ४७२ ठेवलाय, बसलेला असतो ४८२. म्हणून आठवणारा नंबर घेऊन प्रत्येक चाक एक मागे, जागेवर, एक पुढे असं करून बघा. तीन चाकांचे असे २७ मेळ होतात, चार चाकांचे ८१. माझ्याकडं आलेल्या "विसरलेल्या" कुलपांतली बरीच इथंच उघडली.

५. तीन चाकं असतील तर सरळ मोजत जा

००० ते ९९९, एकूण हजार. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण रीत आहे. डाव्या हाताने कडीला अगदी हलका ताण द्या, उजव्या अंगठ्याने शेवटचं चाक शून्यापासून नऊपर्यंत एक पूर्ण फेरी फिरवा. मग मधलं चाक एक घर पुढे, पुन्हा शेवटच्याची फेरी. दर आकड्याला थांबून हिसका द्यायची गरज नाही. ताण धरलेला असला की बरोबर आकड्यावर कडी आपोआप सुटते. एका फेरीला दहा सेकंद धरले तरी शंभर फेऱ्या सतरा मिनिटांच्या आत संपतात, आणि नंबर बहुधा त्याआधीच सापडतो.

दर दहा फेऱ्यांनी कागदावर खूण करा. जेवायची घंटा झाली, फोन आला, की "आपण कुठं होतो?" हे हमखास होतं.

चार चाकांना हेच करायचं म्हटलं तर दहा हजार मेळ, पावणेतीन तास. करता येतं. पण त्याहून बरी रीत आहे.

६. बोटांनी शोधणं

हा या सगळ्याचा गाभा. सावकाश वाचा, शक्यतो हातात कुलूप घेऊन.

आत काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक चाकाच्या पोटात एक चकती आणि तिला एका जागी खाच. कडीचा लांब पाय या चकत्यांच्या शेजारून खाली उतरतो आणि त्याला चाकं असतील तेवढे दाते असतात. सगळ्या खाचा दात्यांसमोर आल्या की पाय वर सरकतो. एक जरी खाच बाजूला असली तरी तो दाता चकतीला टेकतो आणि कडी अडते.

आता, कडी ओढली की चारही दाते चारही चकत्यांना एकाच वेळी टेकायला पाहिजेत. पण शंभर-दोनशे रुपयांच्या कुलपात इतकं नेमकं काम होत नाही. एक दाता केसभर पुढे असतो, एखादी चकती केसभर जाड असते. म्हणून सगळा ताण एका वेळी एकाच चाकावर येतो. ते एक चाक घट्ट, बाकीची तीन मोकळी. कारखान्यातली ही कसरच आपल्या उपयोगाची.

करायचं असं:

अ) सगळी चाकं शून्यावर आणा. कडीला ताण द्या, भाकरी तव्यावरून उचलताना कड धरतो तेवढाच. चारही चाकं एकेक घर हलवून बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा जड फिरेल. ते कितवं आहे ते लिहा.

आ) तेवढंच चाक एकेक घर फिरवा. दर घरी ताण किंचित सोडायचा, चाक सरकवायचं, परत धरायचं. खाच आली की दोन गोष्टी होतात: चाक खड्ड्यात पडल्यासारखं अडतं, दोन्ही बाजूंना जरासं डुलतं पण बाहेर निघत नाही, आणि कडी नखाच्या जाडीइतकी वर येते. डोळ्यांना दिसतेच असं नाही. कडी आणि कुलपाच्या अंगाच्या सांध्यावर अंगठ्याचं टोक ठेवा, तिथं कळतं.

इ) आता ताण दुसऱ्या चाकावर जातो. मघाशी मोकळं असलेलं एखादं चाक जड झालेलं असेल. त्याच्यावर तेच.

ई) तीन सापडली की चौथं शोधत बसू नका, दहाही आकडे फिरवून टाका.

डब्यातल्या एका पितळी कुलपाचं टिपण अजून माझ्या वहीत आहे: "तिसरं जड. ७ वर खाली बसलं. मग पहिलं, २. मग चौथं जड वाटलं पण कुठंच बसंना, सोडून परत धरलं तर दुसरं जड निघालं, ५. चौथं फिरवलं, ० ला उघडलं." एकूण चाळीस मिनिटं लागली. चौथ्याने मला का फसवलं? मी मधेच ताण वाढवला होता. ताण बदलला की जड चाकही बदलतं. संपूर्ण वेळ एकसारखा हात ठेवणं हेच अवघड काम, आणि चाचांचं ते "नुसतं धरा" यासाठीच होतं.

नवशिके जिथं अडकतात त्या जागा सांगते.

पहिली, टिकटिक. चाकाखाली स्प्रिंग असते, त्यामुळे प्रत्येक आकड्यावर टिक असा आवाज आणि बारीक अडखळ येतेच. ती खाच नव्हे. कान देऊन ऐकणं वगैरे सिनेमातलं. या कुलपात कानाला काम नाही, बोटाला आहे.

दुसरी, खोट्या खाचा. जरा महागाचं कुलूप असेल तर चकतीवर खऱ्या खाचेबरोबर दोन-चार उथळ खाचाही पाडलेल्या असतात, मुद्दाम फसवायला. तिथंही चाक बसल्यासारखं वाटतं. फरक खोलीचा. उथळ खाचेत चाक कमी डुलतं आणि कडी पुरेशी वर येत नाही. चारही चाकं बसल्यासारखी वाटली आणि कडी उघडली नाही, तर समजा की एक तरी खोटीत आहे. सगळं मोडून पहिल्यापासून सुरू करू नका. ताण थोडा कमी करा, एकेक चाक डुलवून बघा, जे सगळ्यात कमी डुलतं त्यालाच पुढच्या खाचेकडं न्या.

तिसरी, दमलेला हात. वीस मिनिटांनी बोटं बधिर होतात आणि सगळीच चाकं सारखी वाटायला लागतात. कुलूप ठेवा, चहा घ्या. माझी बरीच कुलपं चहानंतर उघडलीत.

काही कुलपांत कडी ओढण्याऐवजी आत दाबून धरली तर जास्त कळतं. ओढून काहीच बोध झाला नाही तर दाबून बघा. सराव मात्र वायरच्या कुलपावर सुरू करा. त्यात दात्यांची खीळ सरळ चाकांमधून जाते, दोन्ही टोकं धरून ओढायला सोपं, आणि बनावट इतकी ढिली की जड चाक लगेच कळतं. त्याच कारणाने चांगली सायकल त्याच्या भरवशावर स्टँडवर सोडू नका.

७. फटीतून बघणं: बॅगा आणि सुटकेसा

सुटकेसच्या कुलपाला ओढायला कडी नसते, पण डोळे चालतात. चाक आणि त्याच्या शेजारचा पत्रा यांच्यात बारीक फट असते. तिथं टॉर्च धरा, चष्मा लावा आणि एकच चाक सावकाश फिरवा. फटीच्या तळाशी चाकाचा आस दिसतो आणि एका आकड्याला त्यावर खाच किंवा सपाट जागा समोर येते. तो आकडा लिहा. बाकीच्या दोन चाकांचं तसंच करा. दिसत नसेल तर फिलर गेजची पातळ पट्टी फटीत टेकवून चाक फिरवा, खाच आली की पट्टी जरा आत जाते.

समजा खाचा ४-१-८ वर दिसल्या. लगेच कुलूप उघडेल असं नाही, कारण खाच आपल्या बाजूला दिसते, आणि उघडायला ती भलत्याच दिशेला लागत असेल. पण ती दिशा तिन्ही चाकांना एकच. म्हणून तिन्ही एकदम एकेक घर पुढे: ५-२-९, ६-३-०, ७-४-१. असे जास्तीत जास्त दहा प्रयत्न. भाच्याच्या सुटकेसला ९-६-३ वर उघडलं.

बऱ्याच सुटकेसच्या कुलपाला पत्त्यांतल्या चौकटसारखं लाल चिन्ह आणि किल्लीचं भोक असतं, आणि बरोबर किल्ली नसते. पालक दरवेळी विचारतात, किल्ली हरवली का? नाही, ती तुम्हाला द्यायचीच नसते. अमेरिकेच्या विमानतळांवर बॅग तपासणाऱ्या टीएसए या खात्याकडं तिची सामायिक किल्ली असते. २०१४ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने त्या किल्ल्यांचा जुडगाच फोटोत छापला. २०१५ मध्ये त्यावरून लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवून दाखवल्या. तेव्हा दागिने सुटकेसमध्ये ठेवत असाल तर ते कुलपाच्या भरवशावर ठेवू नका.

८. पट्टी सरकवणं, आणि गोल डायल

कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून कडीच्या कडेने आत सरकवायची आणि आतला खटका मागे ढकलायचा, हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. नंबर न लावता कडी दाबली की जी कुलपं टप्पकन बंद होतात, त्यांच्यातच स्प्रिंगचा खटका असतो आणि त्यांच्यातच हे चालतं. वर सांगितलेल्या चार चाकांच्या कुलपांत ढकलायला खटकाच नसतो. मी दोनदा करून पाहिलं, एकदा कुलूप उघडलं, दुसऱ्यांदा तर्जनीला तीन टाके पडले.

गोल डायलचं कुलूप अमेरिकेतल्या शाळांच्या लॉकरना असतं. ० ते ३९ असे चाळीस आकडे आणि त्यातले तीन ओळीने, म्हणजे ६४,००० मेळ. पण या जातीतल्या सगळ्यात खपाच्या कुलपात आकड्यांचं आपसात नातं असतं: पहिल्याला आणि तिसऱ्याला ४ ने भागलं तर बाकी सारखी येते, आणि दुसऱ्याची बाकी त्यांच्यापेक्षा दोनने वेगळी. शेवटचा आकडा ताण देऊन शोधला की उरतात फक्त शंभर. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ते आठ प्रयत्नांवर आणून दाखवलं. आपल्या पेटीला ते कुलूप लागायची शक्यता कमी, म्हणून इथंच सोडते.

९. काहीच होत नसेल तर

नंबर पक्का माहीत आहे आणि तरी उघडत नाही, असं असेल तर कुलूप मळलेलं आहे. टूथब्रशने चाकांमधली धूळ काढा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, सगळी चाकं वीस-पंचवीस फेऱ्या फिरवा, दहा मिनिटं थांबा. मग नंबर लावून कडी आधी आत दाबा, नंतर ओढा. पावसात गंजलेली कुलपं या दाबण्यानेच सुटतात.

तासभर झाला, घाई आहे, तर किल्लीवाल्याकडं जा. त्यात कमीपणा नाही. पेटी हलवता येत नसेल तर त्याला बोलवा आणि पैसे आधी ठरवा.

कापायचंच ठरलं तर कडी कापा. कोयंड्यावर किंवा कुलपाच्या अंगावर घाव घालू नका. कुलूप पन्नास ठिकाणी मिळतं, पेटीचा पत्रा परत जोडत नाही. लोखंड कापायच्या करवतीने बारीक कडी पाच-दहा मिनिटांत कापली जाते. डोळ्यावर चष्मा पाहिजे.

१०. उघडल्यावर

नंबर आधी कागदावर. आनंदात चाकं फिरवून टाकणाऱ्या पोरी मी पाहिल्यात.

नंबर बदलायचा तर बऱ्याच कुलपांत कडी वर काढून पाव फेरी वळवायची, खाली दाबून धरायची, नवा आकडा लावायचा, परत जागेवर आणायची. काहींत अंगाला बारीक खटका किंवा टाचणीने दाबायचं भोक असतं, सुटकेसमध्ये ते झाकणाच्या आतल्या बाजूला मिळतं. कडी दाबलेली असताना चाकाला चुकून हात लागला की तोच नंबर बसतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. पायरी ४ मधल्या २७ मेळांचा जन्म इथंच होतो.

जन्मसाल, १२३४ आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवू नका. खोलीतल्या मैत्रिणी पहिल्यांदा तेच लावतात. नंबर लिहून ठेवायची आमच्या एका माजलगावच्या मुलीची युक्ती मला आवडली: आईच्या फोनमध्ये "पेटीवाल्या काकू" नावाने एक खोटा नंबर साठवलेला, त्याचे मधले चार आकडे कुलपाचे.

आणि नवा नंबर बसला की कुलूप पेटीला लावायच्या आधी हातातच बंद करा, चाकं विस्कटा, परत उघडा. असं तीनदा. तोवर पेटीचं झाकण उघडंच राहू द्या.